हरणीचे गार कान

आमच्या हरणी गाईचा मागचा सड दगडासारखा लागला. पिळला तर दुधाऐवजी पिवळ्या गाठी पडल्या. माझं दूध आटलेलं, तान्ही विजू सगळी हरणीवरच. माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, हरणीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि बजावलं, "दिस्ट काढलीया. मावळतीपतोर कासंला हात लावू नगंस." मी नाही लावला. संध्याकाळपर्यंत कास आणखीच दाटली.

सकाळी फलटणहून गुरांचे डॉक्टर आले. लढाईत जखमी शिपायांना द्यायचे ते पेनिसिलीन आता गुरांनाही मिळत होतं, पण त्यांच्या पेटीत एकच बाटली उरली होती. वस्तीपलीकडे बिराप्पाची गाय तर तापानं वैरण सोडून पडली होती.

"आदी आमी बलिवलंय. हितंच टोचा," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हरणीचे कान चाचपले. "कान गार आहेत, म्हणजे ताप नाही. रवंथ करतेय. दूध तुंबून राहिल्यानं कास दाटली. शेकत राहा, पिळत राहा. बाकीच्या सडांचं दूध उकळून मुलीला द्या. पण ताप चढला तर सुई लागेल, आणि दुसरी बाटली लगेच मिळायची नाही. थांबायचं का, ते तुम्ही ठरवा."

विजूच्या वेळी माझं थान असंच दाटलं होतं. तानुबाई सुईणीनं शेकून, पिळून मोकळं केलं. पुढं दूध आटलं, पण ताप आला नाही. ते सारं आठवत मी विजूला काखेत घेतलं.

"बिराप्पाच्या गाईला द्या. आमी थांबतो."

"लेकीच्या तोंडचं दूद वाटून टाक," आत्याबाई म्हणाल्या. "लय शानी."

मग दिवसभर तेच. पाणी तापवायचं, फडकं पिळायचं, कास शेकायची, गाठी काढून राखेत पुरायच्या. विजू काखेत रडायची. तिला वाटीभर दूध पाजायचं आणि परत गोठ्यात. मधेच हरणीच्या कुशीला कपाळ टेकून उभी राहायची मी. ती हलायची नाही. दर खेपेला आधी तिचे कान धरायचे, मग विजूचं कपाळ. दोन्ही गार.

दिवस कलला तशा धारेतल्या गाठी बारीक झाल्या. सड अजून टणकच होता, पण हरणीनं वैरणीत तोंड घातलं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही. त्यांनी हरणीचा कान धरून पाहिला, पदर खोचला.

"सरक. दिसभर खपलीयास," म्हणाल्या, आणि गरम पाण्याचं भांडं आपल्याकडे ओढून कासेखाली बसल्या.