लाल डोळ्यांचं भविष्य

शिवणकारखान्याच्या फाटकासमोर सकाळी सातपासून रांग लागायची. डोळे आलेले, येतील म्हणून धास्तावलेले आणि नुसतेच बघे, सगळे फुंकरमहाराजांपुढे माना खाली घालून उभे. महाराज वाडग्यात फडकं बुडवायचे, प्रत्येकाचे डोळे पुसायचे, फुंकर घालायचे आणि उद्या कोणाचे डोळे येणार ते सांगायचे. अधूनमधून यायचेही. तेवढ्यावर शहाणीसुरती माणसं पाघळली.

गणिताच्या बाईंना या सोंगाची किळस होती. पण त्यांच्या सासूबाई गुपचूप रांगेत जाऊन आल्या आणि दोन दिवसांत त्यांचा डोळा लालभडक झाला. दुसरा काचबिंदूने केव्हाच गेलेला. उरला होता तो हाच. बाईंनी त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं, मग सुट्टी टाकून स्वतः रांगेत उभ्या राहिल्या.

रांगेच्या तोंडाशी महाराजांची शिष्या मधाळ आवाजात चौकशी करत होती: घरात कोणाला झालंय, मशीनवर शेजारी कोण बसतं, डबा कोणाबरोबर खाता. म्हणजे महाराजांची दिव्यदृष्टी ती ही. आजाऱ्याच्या शेजाऱ्याचं नाव ठोकून द्यायचं. लागलं तर साक्षात्कार, चुकलं तर भक्ताची पुण्याई.

बाईंनीही तेच प्रश्न घरोघर विचारले. पुठ्ठ्यावर माणसागणिक ठिपका काढला, भेटणाऱ्यांमध्ये रेघा ओढल्या, आजाऱ्यांचे ठिपके लाल केले. अजून बऱ्या असलेल्यांपैकी ज्यांना सगळ्यांत जास्त लाल ठिपके चिकटले होते, अशा पाच जणांची नावं त्यांनी कारखान्याच्या फळ्यावर लावली. तीन दिवसांत चौघांचे डोळे आले. महाराजांनी त्याच दिवशी सांगितलेल्या पाचांपैकी दोघांचेच.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी पुठ्ठा फाटकाला टेकवला. "डोळे आलेले हे अकरा जण कोणत्याच आजाऱ्याच्या संगतीत नव्हते. यातले घड्याळजी एरवी दुकान सोडत नाहीत. माझ्या सासूबाई डोळा येण्याआधीच्या महिनाभरात एकदाच जिना उतरल्या, इथे यायला. या अकरांना जोडणारी रेघ एकच आहे, हा वाडगा."

महाराज हसले. पाणी मंतरलेलं आहे, त्याने आजार जातो, येत नाही, म्हणाले.

"मग त्याच फडक्याने स्वतःचे डोळे पुसा," बाई म्हणाल्या.

माझी दृष्टी मुळातच निर्मळ, असं काहीसं महाराज पुटपुटले. त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा भक्त, कापड कापणारा मास्तर, पुढे झाला. त्याचे स्वतःचे डोळे सुजलेले होते. त्याने ओलं फडकं उचलून अदबीने महाराजांसमोर धरलं. महाराज झटकन मागे सरकले. ते मागे सरकणं सगळ्या रांगेने पाहिलं.

बाईंनी पुठ्ठ्यावर वाडग्यासाठी काढलेला ठिपका तळहाताने झाकला. हा गेला की कारखान्याबाहेरची घरं साथीतून सुटतात, त्यांनी समजावलं. कारखान्यातल्या लाल डोळ्यांच्या माणसांनी आठवडाभर घरी राहायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा, हात धुवायचे.

महाराज संध्याकाळच्या आत पसार झाले. पंधरवड्यात साथ ओसरली. सासूबाईंचा डोळा वाचला. रुसवा मात्र बरेच दिवस टिकला.

आपणच पुरवलेली माहिती आपल्याला भविष्य म्हणून ऐकवली जाते आणि आपण हात जोडतो. पुढच्या वेळी हात जोडण्याआधी एवढंच विचारा: याला हे कळलं कुठून?