खाटेखालचा डबा

मी एक डबा बोलतोय. नाकाला पदर लावू नका, आता मी रिकामाच आहे. जन्माने मी वनस्पती तुपाचा. सेलूच्या बाजारात एका जिलेबीवाल्याकडे माझं तूप संपलं आणि हिंगणीच्या जिजाबाईने मला ज्वारी ठेवायला म्हणून घरी आणलं. चार दाणे पोटात पडले असते तर मीही मिरवलो असतो. पण नशीब!

त्याच आठवड्यात तिचे यजमान रामाजी रात्री लघवीला उठले आणि अंधारात अंगणात पडले. कपाळाला खोक पडली. साठी उलटलेला माणूस, रात्रीतून पाच-पाचदा उठायचा. सकाळी जिजाबाईने मला त्यांच्या खाटेखाली सरकवलं. मला रडूच आलं.

पहिल्या रात्री माझ्या पत्र्याने घात केला. असा टणटणाट झाला की पलीकडे सुनेने कूस बदललेली ऐकू आली. रामाजी अर्ध्यातच थांबले. पाटलापुढेही मान न वाकवणारा तो माणूस, मला हातात धरून तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जिजाबाईने माझ्या तळाशी चुलीतली राख पसरली. आवाजही गेला, वासही गेला. मग रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, ती मला रिता करायची, घासायची आणि मूठभर नवी राख घालायची.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा ठरली. बाबासाहेब स्वतः येणार होते. गावातून बैलबंड्या जुंपून माणसं निघणार होती, वाटेत रात्रीचा मुक्काम होता. रामाजींनी कोरं पांढरं धोतर आणलं. रोज ते उलगडून बघायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. निघायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाले, "तू जा गुलाबसंग. माहे गुडघे दुखून राह्यले."

गुलाब त्यांचा मुलगा. त्याला ते खरं वाटलं. जिजाबाईला नाही.

"डबा घेऊ ना पिशवीत," ती हळूच म्हणाली. "वरून फडकं टाकीन. कोनाले समजते?"

"धम्म घ्यायले जातो का मुताचा डबा घेऊन?" रामाजी कडाडले. "अन् पांढऱ्या धोतराले डाग पडला मंग?"

"इतके दिवस लोकं आपल्याले इटाळ म्हनत होते. आता तुमीच सोताले काऊन म्हनता?"

रामाजींनी धोतराची घडी पेटीत ठेवून दिली. मला ओरडावंसं वाटलं, न्या हो मला! पण डब्याचं कोण ऐकतो?

ती मुला-सुनेबरोबर गेली. घरात आम्ही दोघेच उरलो. राख त्यांनी स्वतःच्या हाताने घातली, निम्मी जमिनीवर सांडली.

जिजाबाई परतली ती धुळीने माखलेली, पण चेहरा उजळलेला. रामाजींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "दिसले?"

"दिसले. लांबून, बोटाएवढे." मग डोळे पुसत म्हणाली, "तुमी पायजे होते."

"पुढच्या खेपेले मी येतोच. पाहजो तू."

आणि त्यांनी खरंच मनावर घेतलं. गुलाबबरोबर वर्ध्याच्या डॉक्टरकडे गेले. म्हातारपणी पुरुषांची आतली गाठ वाढते, यात लाजायचं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाणी दिवसा पोटभर, दिवेलागणीनंतर घोटभर. रात्रीचा चहा बंद. रामाजींनी सगळं पाळलं. पाचाचे तीन झाले, तिनाचे दोन. मी बराचसा रिकामा राहू लागलो आणि मला त्याचा कोण आनंद!

डिसेंबर लागून आठवडा झाला असेल नसेल, बातमी आली. बाबासाहेब गेले.

त्या दिवशी रामाजींनी पाण्याचा थेंब घेतला नाही. रात्रभर खाटेवर बसून होते. पहाटे जिजाबाईने मला उचललं, तर राख कोरडीच होती.

"एका डागाले भ्यालो, गुलाबची माय," ते म्हणाले. "एका डागाले."

पुढे गावातच दीक्षा झाली. रामाजींनी ती घेतली, पण जुन्या धोतरात. कोरं धोतर पेटीतून काढलंच नाही. अठ्ठावनच्या उन्हाळ्यात ते वारले, तेव्हा गुलाबने त्यांना ते नेसवलं. त्या वाटेवर कुठे मुक्काम नव्हता. मला घरीच ठेवलं.

आता मी घरामागे गंजत पडलोय. जिजाबाई अजून एखाद्या पहाटे सवयीने राखेची मूठ भरून येते, मला बघते आणि तशीच परत जाते.

तुमच्या घरचा म्हातारा गुडघ्यांचं निमित्त सांगून गावाला यायला नको म्हणाला, तर एकदा त्याच्या खाटेखाली वाकून बघा. तिथे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्यालाही पिशवीत घाला. वरून फडकं टाका आणि म्हाताऱ्याला घेऊन जा.