टाकीचं झाकण

झाकणातलं ते भोक मोहरीएवढंही नव्हतं, आणि त्यात बसलेला साबण आता इतका घट्ट सुकला होता की बोटाला तो पत्र्याचाच वाटावा — चंद्रप्रभानं आतल्या बाजूनं अंगठा एकदा त्यावरून फिरवला, झाकण पेट्रोलच्या टाकीवर पुन्हा बसवलं आणि हातातल्या फडक्यानं गाडीची मागची बाजू पुसू लागली. गिऱ्हाईक यायच्या आधी घरातली बाई पुसते तशी, मन लावून. वरच्या मजल्यावरच्या मिसेस नायर गॅलरीतून म्हणाल्या, आज बेचनी है क्या? ती हसली. आर. के. पुरमच्या त्या ब्लॉकमध्ये तिचं हसणं सगळ्यांना आवडायचं.

झाकणावर दसऱ्याच्या कुंकवाचा डाग अजून होता. ही सासूबाईंची पद्धत — गाडीच्या पूजेत बॉनेटच्याही आधी टाकीच्या झाकणाला ओल्या कुंकवाचं बोट लागलं पाहिजे, कारण पोटाला आधी. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली तरी पद्धत काही गेली नाही, कारण तिच्या नवऱ्याला, दत्तात्रयाला, आईचं सगळं राहायला हवं होतं... यंदा कुंकू जरा जास्तच दाट कालवलं गेलं, भोकात उतरलं, वाळलं. आणि दुसऱ्या दिवशी गाडी मुनिरक्याच्या अलीकडे रस्त्यातच बंद पडली. वीस मिनिटांनी चालू झाली. मग रोजच असं होऊ लागलं — दोन-तीन कोस जायचं, आचके द्यायचे, बंद पडायचं. मार्केटमधल्या दोन मिस्तरींनी कार्ब्युरेटर साफ केला, तिसऱ्यानं इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, तो तापू नये म्हणून, ओलं फडकं घालायला सांगितलं. झाकणाकडे कुणी पाहिलं नाही.

तिनं पाहिलं. आठव्या दिवशी झाकण घासताना तिला ते लाल बुजलेलं भोक दिसलं आणि दत्तात्रयाचंच व्याख्यान आठवलं, शेजारच्या मुलांना जमवून दिलेलं — टाकीलाही श्वास लागतो, जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पंप ओढत राहतो आणि टाकी सोडत नाही. तिनं अंबाड्यातला आकडा काढून भोक मोकळं केलं. त्याला हाक मारायला तोंडही उघडलं होतं. मग ते मिटलं, आणि ती न्हाणीघरात जाऊन साबणाचा संपत आलेला तुकडा घेऊन आली. हेही त्यानंच शिकवलेलं — मथुरेच्या रस्त्यावर दगड लागून टाकी गळू लागली होती तेव्हा तिच्या पिशवीतला अंगाचा नवा साबण मागून घेऊन त्यानं तो चिरेवर रगडला होता, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून. त्या प्रवासात चार दिवस तिनं त्याच डागाळलेल्या वडीनं अंघोळ केली होती, आणि एकदाही त्याला सॉरी म्हणावंसं वाटलं नव्हतं.

मनातल्या मनात ती त्याला अरे-तुरे करायची, एकतीस वर्षं. तोंडानं अहो.

मार्चमध्ये तो रिटायर होणार, सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. साताऱ्याला तिच्या धाकट्या बहिणीनं, वृंदानं, वरच्या दोन खोल्या रंगवून ठेवल्या होत्या; पत्रामागून पत्र येत होतं. पण तो म्हणायचा, गाडी आहे तोवर दिल्ली, हिला त्या घाटातनं कुठे नेऊ? मुनिरक्यात दोन खोल्या त्यानं बघूनही ठेवल्या होत्या, कारण तिथं मागं पत्र्याची शेड होती. गाडीला शेड. आणि मला? मला खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत, खाली विद्यार्थ्यांचे स्टोव्ह आणि हा माणूस, चोवीस तास... गाडी चालत राहिली तर तो ती विकणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बिघडलेली गाडीसुद्धा त्यानं महिनाभर धरूनच ठेवली — सुंभ जळला तरी पीळ जात नाही — आणि मग परवा अचानक जेवताना म्हणाला, गुडगावचा एक जण येतोय रविवारी. तिनं भात वाढला. एक शीतही सांडलं नाही याचा तिला अभिमान वाटला.

गुणवंत सिंग साडेदहाला आला. पन्नाशीचा, जुन्या गाड्या लग्नांना भाड्यानं देणारा. त्यानं पत्र्यावर टकटक करून पाहिलं, टायरला बुटानं ढोसलं, आणि गाडीच्या मालकाला कधी अंकल, कधी साहब म्हणत राहिला. "चलाके देखें?" तो म्हणाला. चंद्रप्रभानं पिशवी उचलली.

"तू कशाला?" दत्तात्रयानं विचारलं.

"येताना भाजी घेते की मुनिरक्याला."

गाडीला दोनच दारं होती. मागं बसायचं म्हणजे पुढची सीट कुणीतरी दुमडून धरायची, आणि उतरायचं तेही कुणी दुमडली तरच. पुढं आधी सासूबाई बसायच्या. त्या गेल्यावर पहिल्या दिवशी ती पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली तर सीटवर त्याची ऑफिसची बॅग होती, आणि त्यानं ती उचलली नाही. लहानशीच गोष्ट. पण पुढं कधीतरी, मला शिकवा ना चालवायला म्हटलं तेव्हा, क्लच जाळशील म्हणाला, हसून, चारचौघांत. ते हसणं तिनं जपून ठेवलं होतं. माझा राग शिळा होत नाही, लोणच्यासारखा मुरतो.

वसंत विहार मागं पडलं. गाडी छान धावत होती — साबण निघाला असेल का? त्याची मान ताठ झाली होती, तो मजेत होता, गुणवंत सिंगला इंजिनाच्या गोष्टी सांगत होता, इंग्रजीत. तिनं पिशवीचे बंद मुठीत आवळले. थांब, तिनं गाडीला म्हटलं, अगं थांब. महिपालपूरच्या अलीकडे पहिला आचका बसला, मग दुसरा, आणि गाडी कडेला घरंगळत जाऊन उभी राहिली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं गेले. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच किळस आली, पण बरं वाटलं ते वाटलंच.

"अंकल, इंजन तो गया समझो," गुणवंत सिंग म्हणाला. "कोई बात नहीं, मैं ट्रक पे लदवा लूँगा. शादियों में खड़ी ही तो करनी है."

दत्तात्रय उतरला, बॉनेट उघडलं, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं. या महिन्याभरात हेच दृश्य तिचं सुख होतं — बॉनेटखाली वाकलेली ती पाठ, घामानं चिकटलेला शर्ट, ज्याला सगळं येतं त्याला काही न येणं. प्रत्येक वेळी ती समोर नजर लावून ते शेवटपर्यंत बघायची. नंतर तो टायर बघतो म्हणून मागं जायचा, येऊन चावी फिरवायचा, आणि गाडी चालू व्हायची. मागं तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज समोरच्या काचेतून ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिनं मान वळवली.

तो टायर बघत नव्हता. त्यानं झाकण फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा आवाज तिला बंद काचेतूनही ऐकू आला. झाकण उलटं करून त्यानं आतल्या बाजूनं अंगठा फिरवला, अगदी सवयीनं. साबणाचा कोपरा सुटला असावा बहुतेक, कारण नखानं तो त्यानं आत लोटला, दाबला, वरून गुळगुळीत केला... आणि झाकण परत बसवून रुमालाला हात पुसत तो आला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. चावी फिरवल्याबरोबर गाडी चालू झाली.

कधीपासून? दिवाळीत, त्रिवेदींकडच्या फराळाहून येताना? त्याच्या साहेबांसमोर बंद पडली तेव्हाही? म्हणजे वीस वीस मिनिटं ते ओलं फडकं — ते कुणासाठी होतं? मी त्याच्या पाठीकडे बघून मजा घेत होते तेव्हा त्या पाठीला माहीत होतं. तो वाट बघत होता का, मी सांगेन म्हणून? की मला हवं ते बिनबोभाट देत होता, आणि वर माझंच काम नीट करत होता? आकड्यानं दोन क्षणांत होणारं काम त्यानं केलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, विचारलं नव्हतं. मला क्षमा करायची तुला कुणी सांगितलं होतं? आणि क्षमा नसेलच ही, तर काय आहे?

"तो साहब, पक्का?" गुणवंत सिंगनं विचारलं. "कल ट्रक भेज दूँ?"

दत्तात्रयानं गिअर टाकला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत तो म्हणाला, "मॅडम से पूछिए. जो ये कहेंगी."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गुणवंत सिंग सीटवरून अर्धा वळला, हसतमुखानं. हो म्हणायचं होतं, एवढंच, मग सातारा, दोन रंगवलेल्या खोल्या, वृंदा... आणि त्या खोल्यांत हा, सगळं माहीत असलेला, रोज समोर, काही न बोलणारा. तिनं तोंड उघडलं. या माणसाला मी ओळखून आहे, या एका गोष्टीवर तिनं इतकी वर्षं त्याचा द्वेष केला होता. आणि आता त्या मानेकडे, त्या पिकल्या केसांकडे बघताना तिला राग शोधूनही सापडेना, फक्त भीती वाटत होती, आणि पुढची सीट दुमडल्याशिवाय उतरता येत नव्हतं.