गाळलेल्या ओळी

त्यानं आईच्या बटणाचा क्रमांक पुन्हा टाइप केला आणि एंटर दाबलं. काहीच आलं नाही.

पलंगापाशी उभी राहून बहीण आईचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"सापडलं का रे दादा?"

"बघतोय."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात घालायचं बटण त्याची कंपनी पुरवायची. ते दाबलं की सर्व्हरला कळायचं, सर्व्हर मदतकक्षाला कळवायचा, आणि जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडलेला एक तयार भाग, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तेवढी एक ओळ लिहून ठेवायची. आई गेली त्या दुपारी मदतकक्षाकडे जाणारे निरोप बराच वेळ अडकले होते. त्या वेळात कोणी बटण दाबलं, ते फक्त लॉगवरून कळत होतं. बाकी सगळ्यांच्या ओळी होत्या. आईची नव्हती, आणि असणारही नव्हती.

आई उठसूट बटण दाबायची. मदतकक्षातून फोन आला की म्हणायची, "काही नाही गं, चालतंय का बघितलं." तिच्या ओळींनी लॉग भरून जायचा. "लागली बघ तुझ्या आईची हजेरी," म्हणत ऑफिसातले दात काढायचे. शेवटी वैतागून त्यानं त्या लायब्ररीलाच चाळणी लावली: या क्रमांकाची ओळ लिहायचीच नाही. बटण चालू राहणार होतं, फक्त नोंद होणार नव्हती. डोक्यामागची कटकट गेली म्हणून त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला होता. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं, पण बहिणीसमोर तेही जमेना.

"नसेलच दाबलं तिनं," बहीण म्हणाली. घातलेली घडी तिनं मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं?"

"त्याच दिवशी सकाळी झापलं होतं मी तिला. तूच म्हणाला होतास ना, ऑफिसात चेष्टा होते. म्हटलं, आता उगाच दाबलंस तर बघ. तर नुसतं 'बरं' म्हणाली. भांडलीसुद्धा नाही रे."

तिनं आईचा स्वेटर घडीला घेतला. तो स्क्रीनकडे बघत राहिला. आईनं दाबलं असेल किंवा नसेल, ते आता जन्मात कळणार नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटला.

"दाबलं होतं."

"काय?"

"ओळ सापडली. तिनं दाबलं होतं. आमच्याकडूनच पुढे गेलं नाही."

बहिणीनं हातातला स्वेटर खाली ठेवला. आता ती वाट्टेल ते बोलेल, आणि बोललेलंच बरं, अशा तयारीनं तो बसून राहिला. ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि दाराकडे बघू लागली.

"म्हणजे," ती म्हणाली, "वाट बघत होती."