अनुमोदक

शिंपीमामा नगरसेवक झाले ते स्वभावाच्या जोरावर. प्रभागातल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांच्या मशीनखालून गेलेले. कोण सुटलं, कोण वाळलं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं आणि ते कधी कुणाजवळ बोलायचे नाहीत. असा माणूस पालिकेत हवा, असं लोकांना वाटलं.

पालिकेत मात्र मामांची दातखीळ बसायची. तिथली भाषाच वेगळी. 'पुनर्विनियोजन', 'कार्योत्तर मंजुरी' असले शब्द डोक्यावरून जायचे, आणि अर्थ विचारावा तर लोक काय म्हणतील? त्यांना आरोग्य समितीत घेतलं होतं. तिथे ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि सभापती बोलू लागले की गंभीर चेहऱ्याने मान हलवत.

घरी आले की गाडी सुसाट सुटायची. "आज सभापतींना तोंडावर सांगितलं मी," अशी जेवताना सुरुवात व्हायची. बायको गेल्यापासून ऐकायला एकटी मुलगीच होती. ती शाळेत शिकवायची. बापाचं सगळं तिला खरं वाटायचं, आणि शाळेतल्या बायकांनाही ती ते अभिमानाने सांगायची.

अशात एक दिवस इस्त्रीवाल्या काकू चार बायकांना घेऊन दुकानात आल्या. काकूंना दम्याचा त्रास. दिवसभर काम करून त्या पालिकेच्या संध्याकाळच्या दवाखान्यात जायच्या.

"मामा, दवाखाना बंद करतायत. जागा करवसुलीच्या कचेरीला देणार म्हणे. तुम्ही समितीत असताना हे झालंच कसं?"

"माझ्या कानावर काही नाही," मामा म्हणाले, आणि ते खरंच होतं. "माझ्यासमोर असा ठराव येईल आणि मी गप्प बसेन? सर्वसाधारण सभेत बघा, कसा धारेवर धरतो एकेकाला."

"मग आम्ही सगळ्याच येतो ऐकायला," मुलगी दुकानामागच्या घरातून म्हणाली. तिने त्यांना भाषण लिहून दिलं. मामांनी ते आरशासमोर इतक्यांदा म्हटलं, की शेवटी शेजारच्यांनाही पाठ झालं असेल.

सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत मुलगी, तिच्याशेजारी काकू आणि मागे गल्लीतल्या बायका. दवाखान्याचा विषय आला तसे मामा उठले. सदरा सारखा केला.

"अध्यक्षबाई, या ठरावाला माझा कडाडून विरोध आहे! गोरगरिबांच्या—"

"एक मिनिट," नगराध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा खाली ओढून समोरचा कागद पाहिला. "समितीची शिफारस एकमताची आहे. सूचक सभापती, आणि अनुमोदक... अहो, आपणच की!"

सभागृहात हशा पिकला. मामांना आधी काही कळेना. मग आठवलं. जेवायची वेळ झाली होती, सभापतींनी उरलेले विषय एकदम उरकले होते आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले होते, "अनुमोदन तुमचं धरू ना, मामा?" एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला मामा म्हटलं याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं. त्यांनी मान हलवली होती. विषय कोणता, हे विचारलंही नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. मुलगी हसत होती. काहीतरी घोटाळा आहे, बाबा आता निस्तरतील, असं ते हसू होतं. ते हसू काही करून तसंच राहावं, एवढंच मामांना त्या क्षणी वाटलं.

"माझं नाव चुकून पडलंय," ते म्हणाले. "लिहिणाऱ्यांनी नीट ऐकलं नसेल."

सगळ्यांच्या नजरा समितीच्या लेखनिकबाईंकडे वळल्या. मामांच्याच वयाच्या बाई. अध्यक्षांच्या बाजूच्या छोट्या टेबलाशी त्या लिहीत बसल्या होत्या. सभापतींना आयतं कारण मिळालं. "काय हो बाई, झोपा काढता का बैठकीत? सन्माननीय सदस्यांची अशी बेअब्रू?"

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी मामांकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "माझीच चूक झाली असेल, साहेब," त्या हळूच म्हणाल्या.

मामा खाली बसले. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना. सभापती अजून बाईंना झापतच होते. मामांना बसवेना. ते पुन्हा उभे राहिले.

"चूक बाईंची नाही," ते म्हणाले. सभापती थांबेनात, म्हणून पुन्हा म्हणाले. "त्यांनी बरोबर लिहिलंय. मीच मान हलवली. विषय काय आहे ते मला माहीत नव्हतं. आणि आत्ता मी खोटं बोललो."

या वेळी कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि अनुमोदन मागे घेतो, एवढं म्हणून ते बसले. वर पाहायची हिंमत झाली नाही.

न वाचता शिफारस झाल्याचं भर सभेत निघाल्यावर नगराध्यक्षबाईंना ठराव समितीकडे परत पाठवावा लागला.

सभा सुटल्यावर मामा लेखनिकबाईंकडे गेले. "बाई, माफ करा."

"कबूल केलंत, तेही सगळ्यांसमोर," बाई कागद गोळा करत म्हणाल्या. "पण बोलणी मी आधीच खाल्ली होती." आणि त्या निघून गेल्या.

घरी मुलीने वाढलं आणि ती समोर बसली. मग म्हणाली, "बाबा, मान हलवलीत ते मी समजू शकते. पण त्या बाईंवर ढकललंत, ते माझ्यासाठी ना?"

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "हो" म्हणायचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

पुढच्या बैठकीत ते एकेका शब्दाचा अर्थ विचारत बसले. सभापती वैतागले, बाकीचे घड्याळाकडे बघत राहिले. लेखनिकबाई नेहमीसारख्या लिहीत होत्या. अखेर दवाखाना राहिला, पण आठवड्यातून तीनच संध्याकाळी.

त्यानंतर काकू रस्त्यात भेटल्या. "मामा, तुमच्यामुळे वाचला हो दवाखाना!"

"माझ्यामुळेच जात होता, काकू," मामा म्हणाले.

"असू दे हो," काकू म्हणाल्या, आणि धाप लागली म्हणून कठड्याला टेकल्या. त्या दिवशी दवाखाना बंद होता. मामांनी त्यांची कपड्यांची गाठोडी उचलली आणि खाली मान घालून ते त्यांच्या मागून चालू लागले.