चुलीच्यान

आमची रुखसार टीव्हीवर असते असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगते खरी, पण ती पडद्यावर दिसली की मी आधी दाराला कडी घालते. तळेगावच्या केबलवर पाणीकपातीच्या बातम्या वाचायची तेव्हा बरं होतं बाई. मुंबईच्या वाहिनीत गेली आणि लोकांची अंडीपिल्ली बाहेर काढायला लागली. शर्टाच्या बटणात कॅमेरा लावून फिरते. धमक्यांचे फोन मात्र इथं लोणावळ्यात, माझ्या शिलाई मशीनवरच्या मोबाइलवर येतात. लग्नाचं काढावं तर मुलाकडचे विचारतात, आमची चौकशी नाही ना करणार?

त्या दुपारी मी ब्लाऊजला हुक लावत होते आणि टीव्हीवर तिच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाची जाहिरात लागली. इथल्याच तुंगार्लीच्या एका बंगल्यात पोहण्याच्या तलावाची मोटर साफ करताना प्रदीप नावाचा कामगार शॉक लागून गेला, आणि मालकानं तो भुशी धरणात बुडाला असं दाखवलं. भुशीत दरवर्षी कुणी ना कुणी बुडतंच, कोण कशाला विचारतंय? पडद्यावर एक बाई बोलत होती. चेहरा पुसट केलेला, आवाज पुरुषासारखा जाड.

"चुलीच्यान सांगते, त्यो भुशीत न्हाई बुडाला."

सुई माझ्या बोटात घुसली. चुलीची शपथ अख्ख्या तुंगार्लीत एकच बाई घेते, त्याच बंगल्यावर स्वयंपाक करणारी सरूबाई. तिला मूलबाळ नाही, देवाची शपथ घ्यायला ती भिते, म्हणून चुलीची. बाजारातले लोक तिला चुलीच्यान मावशी म्हणूनच चिडवतात. माझ्याकडं ब्लाऊज शिवायला यायची, तिथंच रुखसारशी तिची गाठ पडली.

मी लगेच फोन लावला. "अगं, काय करून बसलीस?"

"अम्मी, चेहरा झाकलाय, आवाज बदललाय. कुणाला कळणार नाही."

"मला जाहिरातीतच कळलं. चुलीच्यान दुसरं कोण म्हणतं?"

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, मावळात सगळेच म्हणतात."

लोणावळ्यात वाढलेली माझी पोरगी, आणि हे बोलणं. कपाळावर हात मारला मी. "काढ ते आधी."

"संपादक ऐकणार नाहीत. सगळी बातमी त्या एका वाक्यावर उभी आहे."

"सरूबाईचं घरसुद्धा त्याच वाक्यावर उभं आहे म्हणावं," असं सुनावून मी फोन ठेवला.

जीव काही थाऱ्यावर राहीना. रिक्षा करून तुंगार्ली गाठली. सरूबाई बंगल्याच्या फाटकाबाहेर बसली होती. शेजारी गाठोडं, आणि तिची शेगडी रस्त्यात उलटी पडलेली. बंगल्यामागची तिची राहायची खोली मालकानं काढून घेतली होती.

"भाभी, कळलं त्यास्नी," एवढंच म्हणाली.

मी शेगडी उचलली आणि तिला घरी घेऊन आले.

संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढं बसलो. आमच्या ह्यांनी चहा केला होता. रुखसारचा आवाज बसलेला वाटला, नक्की कुणाशी तरी भांडून आली होती. मग ती पुसट बाई आली. "त्यो भुशीत न्हाई बुडाला," एवढंच बोलली. चुलीच्यान गायब. पोरीनं ऐकलं माझं.

"बघ सरूबाई, काढलं तिनं," मी म्हटलं.

ती पडद्याकडं बघतच राहिली. "माजी शपथ कुटं गेली?"

"तुझ्यासाठीच काढली गं."

"मग उरलं काय? तोंड न्हाई, आवाज न्हाई, आन आता शपथ बी न्हाई. प्रदीपची आई बगत आसंल. तिला वाटंल, कुणीबी उपटसुंभ बोलतंय." चहा तसाच ठेवून तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "फोन लावा पोरीला. क्यामेरा घिऊन ये म्हनावं. तोंड झाकायचं न्हाई."

"उद्या शांतपणे ठरवू."

"खोली तर गेली भाभी. आता कुनाला भ्यायचं?"

दुपारभर जिला लपव म्हणून मी पोरीवर ओरडले, तीच मला फोन लावायला सांगत होती. मी फोन लावला. रुखसारनं लगेच उचलला.

"काढलं मी ते, अम्मी. आता तरी झोपशील ना?"

मी फोन सरूबाईच्या हातात दिला.

"चुलीच्यान सांगते, पोरी," ती म्हणाली, "ते परत घाल."