नारिंगी जाकिटाखालचा हिरवा कोट

मित्रांनो, मी लोडेनचा जुना शिकारी कोट. लोडेन म्हणजे गरम पाण्यात कुटून दाट केलेलं लोकरी कापड. जर्मनीतल्या हाइडेलबर्गच्या एका शिंप्याने मला ओपांच्या, म्हणजे छोट्या सियाच्या जर्मन आजोबांच्या, वडिलांसाठी शिवलं. त्यांच्यासोबत मी जंगलात असा मिसळून जायचो, की शेजारचा शिकारीही त्यांना शोधत बसे. याचा मला भारी अभिमान! ते गेले आणि मी कपाटात कसरीला घाबरत दिवस काढू लागलो.

गेल्या शरदात ओपांची सून नीलांबरी हिने मला बाहेर काढलं. ती मूळची पुण्याची. गावातले शिकारी वर्षातून एकदा जुन्या काळच्या पोशाखात रानडुकरांची शिकार करतात. त्या वर्षी तिला पहिल्यांदाच, ओरडत जनावरं उठवणाऱ्या हाकाऱ्यांत बोलावलं होतं.

"वर नारिंगी जाकीट हवंच," ओपा म्हणाले. "नाहीतर घरी बसायचं."

"अहो ओपा, त्या प्लास्टिकने सगळा जुना थाट जाईल!"

तिची आई ऊर्मिला तेव्हा पुण्याहून आली होती. "अगं, माझ्या नारायणपेठीचे नारिंगी काठ लाव ना. खरं रेशीम आहे, जुन्या काळीही चाललं असतं." तिने साडीचे काठ उसवून माझ्या पाठीवर आणि बाह्यांवर टाचले. मी आरशात पाहिलं आणि फुलूनच गेलो.

ओपांनी मान डोलावली. "सुंदर! आल्झो, तर मग आता जंगलात बघू."

बाहेर दाट धुकं होतं. नीलांबरी मला घालून झाडांत शिरली. बाकीचे वाटेवर थांबले.

"सिया, आई दिसतेय का?" ऊर्मिलाआजीने नातीला विचारलं.

"नाइन, नाही! नुसती झाडं."

मग नीलांबरीने माझ्यावर ते जाकीट चढवलं.

"दा! दा! तिथे!" बोट दाखवत सिया नाचायलाच लागली.

कारण सोपं आहे. रेशीम मिळालेल्या प्रकाशातला नारिंगी भाग तेवढा परत पाठवतं. जाकिटाचा रंग मात्र आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही शोषतो आणि त्यांचं नारिंगी करून देतो. गंमत म्हणजे, हरणांना आणि रानडुकरांना नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीट कळतच नाही. ते जाकीट चमकतं ते माणसांसाठी.

"बाई गं! लेकीचं झाडच करून ठेवत होते की मी!" म्हणत आजीने हसत हसत टाके उसवले. मी मात्र रुसलो.

शिकारीच्या दिवशी नीलांबरी "हो हो हो" ओरडत काट्यांतून निघाली. अचानक समोरून एक डुक्कर उसळलं आणि आमच्याच दिशेने धावलं. पलीकडच्या मचाणावर एका शिकाऱ्याने बंदूक रोखली. तेवढ्यात त्याला नारिंगी दिसलं. त्याने झटकन नळी आभाळाकडे केली आणि टोपी हलवली. माझ्या आत नीलांबरीचं काळीज धडधडत होतं. माझा रुसवा तिथेच विरघळला.

शेकोटीपाशी ओपांनी विचारलं, "काय झालं तिकडे?"

"एक डुक्कर सुटलं," ती हसली, "आणि मीही."

ओपांनी तिला जवळ घेतलं. मग सगळेच हसत सुटले.

मित्रांनो, जुने कपडे हौसेने घाला, त्यांना ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण शिकारीला जाताना आमच्यावर झळकणारं जाकीट चढवाच. आम्ही झाकलो गेलो तरी चालेल. फाटलो, तर आम्हाला रफू करता येतं.